मोठ्याने मोजलेली चावी

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं सांगायला जे सर घरी आले त्यांना मी विचारलं, भीतीचं लिहिलं तर चालेल का. ते चालेल म्हणाले.

गमती मलाही आठवतात. एका म्हाताऱ्याने मेलेल्या बायकोच्या लोखंडी पेटीची चावी करून घेतली होती. पेटी उघडली तर आत आणखी एक छोटी पेटी, आणि तिलाही कुलूप. म्हातारा बाजारात जमिनीवर बसून हसला. म्हणाला, "बुढी मरूनसन्या बी मले राबवून राह्यली." पण चावी हा शब्द ऐकला की मला तो म्हातारा आठवत नाही. मुलींच्या वसतिगृहाचं एक पितळी कुलूप आठवतं.

मी चौथी शिकले आहे. चामोर्शीच्या आठवडी बाजारात चाव्या करते. हे काम मूळचं माझ्या नवऱ्याचं. तो चंद्रपूरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकला होता. पुढे साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले. हात चांगले होते, पण चावीवरच्या खुणा दिसेनात. घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. मी कानस हातात धरली आणि तो शेजारी बसायला लागला. बाई चाव्या करते हे बघायला सुरुवातीला लोक गोळा व्हायचे. नंतर सवय झाली.

कुलूप कसं वाचतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चांगल्या कुलपाच्या पोटात पितळेचे पातळ पत्ते असतात, एकावर एक. पाच, सहा, सात, जसं कुलूप. प्रत्येक पत्त्याला आपापली स्प्रिंग खाली दाबून ठेवते. चावी फिरवली की चावीचा एकेक दात एकेका पत्त्याला उचलतो. एखाद्या पत्त्याला जास्त उचलावं लागतं, एखाद्याला अगदी थोडं. सगळे पत्ते आपापल्या उंचीवर आले तरच आतला खटका सरकतो. एकही पत्ता केसभर वर-खाली राहिला तर सरकत नाही. म्हणजे चावीत दुसरं काही नसतं, फक्त त्या उंच्या असतात.

चावी हरवली असेल तर त्या उंच्या कुलपालाच विचाराव्या लागतात. आधी सायकलच्या तारेची आकडी आत घालून पत्ते किती आहेत आणि कोणता कडक आहे ते बघायचं. मग कोरी चावी चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करायची, कुलपात घालून जोराने पिळायची आणि बाहेर काढायची. जिथे पत्ता अडला तिथली काजळी पुसून बारीक चमकती रेघ उमटते. तिथेच कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पत्ता आपल्या उंचीवर आला की रेघ उमटणं बंद होतं. तेवढी खाच झाली असं समजायचं. सहा पत्त्यांच्या कुलपाला चाळीस-पन्नास वेळा आत-बाहेर करावं लागतं. घाई केली की चावी फुकट जाते.

खाच किती खोल गेली ते आम्ही कानशीच्या हातांवर मोजतो. कानस एकदा पुढे नेली की एक हात. नवऱ्याला दिसत नसल्यामुळे मी मोठ्याने मोजायची. "दुसरी खाच, तीन हात, चार हात." तो कानशीचा आवाज ऐकून सांगायचा, "दाबून राह्यली तू. हलकी मार." चावी पूर्ण झाली की पहिल्या खाचेपासून सहाव्या खाचेपर्यंतचे सगळे आकडे मी ओळीने म्हणून दाखवायची. तो ते पाठ करायचा. तेच गिऱ्हाईक पुन्हा चावी हरवून आलं तर कुलूप न बघता तो आकडे सांगायचा. अशी आमची नऊ वर्षं गेली. तो गेल्यावर ऐकणारं कोणी राहिलं नाही, तरी माझं तोंड चालूच राहिलं. मोजलं नाही तर हात पुढे जात नसे.

आमचे नियम होते. कुलूप समोर पाहिजे, माणूस ओळखीचा पाहिजे किंवा कोणाचं कुलूप ते नीट सांगणारा पाहिजे. साबणावर चावीचा ठसा घेऊन आलेल्याला हात लावायचा नाही. कुरखेड्याच्या बाजारात एकाने तशी वडी आणली होती. नवऱ्याने हाताने चाचपली आणि नालीत फेकून दिली. तो माणूस तोंडातल्या तोंडात शिव्या देत निघून गेला. साबण घेऊन येणाऱ्याला ओळखायला अक्कल लागत नाही. मी ज्याला ओळखलं नाही तो काहीच घेऊन आला नव्हता.

चाळिशीच्या आतबाहेरचा, चौकडीचा शर्ट, हसरं तोंड, बोली इकडचीच. पहिल्यांदा आला तेव्हा जुन्या सुटकेसची चावी करून घेतली. पुढच्या बाजारी काही काम नसताना येऊन बसला.

"मावशी, तुमी मोठ्यानं मोजता काऊन?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. नवऱ्याचे डोळे, हात कसे मोजायचे, कोणत्या चावीला किती हात, सगळं. तो मान डोलवत होता. "म्हनजे आकडे मालूम असले तं कुलूप नसलं तरी चावी बनते," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "बनते तं. कानस तेच पायजे आन् हात तसाच पायजे." हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

त्यानंतरच्या बाजारी दुपारी बाराच्या सुमारास एक मॅडम आल्या. जंगलातल्या एका गावात मुलींची आश्रमशाळा आहे, तिथल्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. पिशवीतून पितळी कुलूप काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर पांढऱ्या रंगाने शाळेचं नाव लिहिलं होतं.

"चावी विहिरीत पडली वो बाई," त्या म्हणाल्या. "कडी तोडून आनलं. पोरी झोपतात त्या जाळीच्या दाराचं हाये. आजच पायजे."

"नवीन कुलूप काऊन नाई घेत?"

"सरकारी कुलूप हाये. बदलवाचं म्हटलं तं अर्ज, मंग मंजुरी. तोवर का तार बांधून झोपू का पोरी घेऊन?"

मी तासाभराने या म्हटलं. त्या नंबर देऊन भाजी घ्यायला गेल्या. मी चिमणी लावली आणि कामाला बसले. सहा पत्ते होते. तिसरा आणि चौथा सारखे, पाचवा फार खोल. मी नेहमीसारखी मोजत होते. शेवटी चावी फिरली, कुलूप उघडलं, आणि मी नेहमीसारखी सगळी ओळ म्हटली. दोन, पाच, तीन, तीन, सहा, एक.

मॅडम चावी घेऊन गेल्या. लगेच तो चौकडीच्या शर्टाचा माणूस समोर आला. त्याला दोन कोऱ्या चाव्या पाहिजे होत्या. मी डबा पुढे केला. त्याने आत्ता वापरली त्याच जातीच्या दोन उचलल्या.

"आन् हे कानस देता का मले?" माझ्या मांडीजवळच्या कानशीकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

"हे घासलेली हाय. नवीन घे दुकानातून."

"घासलेलीच पायजे, मावशी. नवीन हातात बसत नाई."

माझ्याकडे पेटीत दुसरी होती. घासलेली कानस मागून नेणारा खुळा म्हणून मी त्याला मनात हसले आणि दिली.

माझ्या शेजारी हमीदाबी बांगड्या विकते. आम्ही वीस वर्षं एकाच ताडपत्रीखाली बसतो आणि दर बाजारी भांडतो. थोड्या वेळाने ती बांगड्या पुसता पुसता म्हणाली, "सुमन, तुझा एक चाहता हाये बरं का. तू गिनती करती ना, तो तिकडं टपरीच्या आडून मोबाईलवर लिहून घेऊन राह्यला होता."

"कोन?"

"चौकडीवाला. आता तुझ्यासंग बोलत नोयता का तो? मले वाटलं, मटक्याचे आकडे काढून राह्यला तुझ्या तोंडातून."

ती हसत होती. मी कोऱ्या चाव्यांचा डबा पुन्हा उघडला. दोन कोऱ्या चाव्या, त्याच जातीच्या. माझे सहा आकडे. आणि ती कानस. दुसऱ्या कानशीने माझे आकडे कामाचे नाहीत. कोणाची जास्त खाते, कोणाची कमी. माझ्या कानशीने पंधरा मिनिटांत चावी होते, आणि हे त्याला मीच शिकवलं होतं. कुलूप कुठलं ते कुलपावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं.

त्या दाराच्या मागे कोण झोपतं तेही मॅडम मोठ्याने सांगून गेल्या होत्या.

मॅडमचा फोन लावला. लागला नाही. त्या भागात गेलं की लागत नाही. पुन्हा लावला, पाच-सहा वेळा लावला. हमीदाबीला सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "पोलिसात जा," ती म्हणाली.

"का सांगू? माही गिनती चोरली म्हनून? हसतीन लोकं."

"मंग तिथी जा. पोरी हायेत तिथी. बसली काऊन?"

मी हातोडी, पंच, हातड्रिल, रिव्हेट, राहिलेली कानस आणि कोऱ्या चाव्या पिशवीत घातल्या. बाकी पेटी तिच्याकडे टाकली.

काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही. मी पुढच्या सीटवर बसून येणाऱ्या प्रत्येक माणसाचा शर्ट बघत होते. त्याला मोटारसायकल असेल तर तो केव्हाच पोहोचला असेल, असं वाटत होतं. मग वाटायचं, दिवसा कशाला जाईल. आणि हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं.

फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. थंडीचे दिवस. शाळेपर्यंत तीन किलोमीटर सागाचं जंगल. वाळलेली पानं रस्त्यावर पडली होती आणि माझ्याच पायाखाली अशी वाजत होती की मागून कोणी येतंय असं वाटून मी सारखी वळून बघत होते. वाघापासून सावध राहा असा वनखात्याचा फलक होता. सरपणाला गेलेल्या एका बाईला त्याच पट्ट्यात वाघाने नेलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. वाघाचं भय वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण वाघ कुलूप उघडत नाही.

मागून मोटारसायकल आली आणि माझ्या बाजूला थांबली. माणसाने दुपट्ट्याने तोंड बांधलेलं होतं. फक्त डोळे दिसत होते.

"मावशी, कुठी जाता? बसा मागं, सोडतो."

त्यानेही मावशीच म्हटलं. मी शर्ट बघितला तर वरून स्वेटर होता. पिशवीत हात घालून हातोडी धरली. "जा तू, मी पायी येतो," म्हटलं.

"वाघ हाये वो इथी."

"असू दे. जा."

तो दोन मिनिटं गाडी चालू ठेवून बघत राहिला आणि शाळेच्याच दिशेने गेला. उरलेला रस्ता मी जवळजवळ पळत काढला. साठी उलटलेल्या बाईने पळणं म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. शाळेच्या फाटकात पोहोचले तर तोच माणूस गाडीवरून वांग्यांचं पोतं उतरवत होता. तो स्वयंपाकीणबाईचा नवरा होता. "आता भेव गेलं का मावशी?" त्याने विचारलं. मी मॅडम कुठे आहेत ते विचारलं.

वसतिगृहाला पुढून लोखंडी जाळीचं दार होतं. कुलूप आतून लावायचे, पण जाळीतून हात घातला की बाहेरच्यालाही ते मिळायचं. मी केलेली चावी मॅडमच्या कमरेला होती.

मी सगळं सांगायचं ठरवून आले होते. तोंड उघडलं तेवढ्यात मॅडम दोन शिक्षिकांना म्हणाल्या, "ह्याच त्या बाई. तासाभरात चावी केली बिचाऱ्या बाईनं. आपल्या साऱ्या कपाटायच्या चाव्या करायले यायलेच देऊ. भरोशाची बाई हाये." मग माझ्याकडे वळून विचारलं, "काऊन आल्या वो बाई एवढ्या दूर?"

मी म्हटलं, "एक पत्ता ढिला राह्यला होता. कुलूप अटकलं असतं. म्हनून आली."

एवढं वाक्य बोलायला मला एक क्षण लागला. चावीवालीच्या तोंडून चावी बाहेर जाते हे एकदा बाजारात पसरलं तर माझ्याकडे कोण येणार होतं. कुलूप तर मी बदलूनच देणार होते, मग सांगितलं काय आणि न सांगितलं काय, असा हिशोब मी मनात केला. मॅडमना माझं कौतुक वाटलं. चहा आला.

मी ओट्यावर बसून कुलपाचे रिव्हेट तोडले, झाकण काढलं, पत्ते बाहेर घेतले. पहिला पाचव्याच्या जागी, दुसरा सहाव्याच्या जागी, अशी अदलाबदल केली. जुनी चावी आता चालणार नव्हती. नवी चावी घासायला घेतली आणि तोंड आपोआप उघडलं. जाळीच्या बाहेर झाडं होती, दिसत कोणी नव्हतं. मी तोंड मिटलं. मिटल्याबरोबर हात अडला. पहिली चावी तिसऱ्या खाचेला जास्त खोल गेली, फेकली. दुसरी पाचवीला गेली. शेवटी लुगड्याचा पदर गोळा करून दातात घट्ट धरला आणि मनात मोजलं.

मुली हातपाय धुऊन येत होत्या. एक किडकिडीत पोरगी येऊन समोर उकिडवी बसली. चौथीतली, नाव रजनी. तिने बराच वेळ माझं तोंड बघितलं.

"आजी, तुमचे दात दुखून राह्यले का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"मी इथीच झोपतो, दाराजवळ," ती म्हणाली. "साऱ्यायले थंडी लागते इथी, मले नाई लागत."

तिसरी चावी फिरली. नवे रिव्हेट ठोकले, जुनी चावी मॅडमकडून परत घेतली, त्यांच्यासमोर हातोडीने चपटी केली. अंधार पडायच्या आत स्वयंपाकीणबाईच्या नवऱ्याने मला गाडीवर फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत तो वाघाच्या गोष्टी सांगत होता. मी त्याची पाठ धरून बसले होते आणि दाराजवळ झोपणारी ती पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढचा बाजार आला. तो माणूस आला नाही. मी मोजणं बंद केलं होतं, पदर दातात धरूनच काम करायची. गिऱ्हाईकं विचारायची, मी दात दुखतात म्हणायची. हमीदाबी सारखं एकच विचारायची, "त्या म्याडमले सांगतलं का?" मी म्हणायची, कुलूप बदललं ना. ती म्हणायची, "कुलूप बदललं, मानूस तं तोच हाये."

घरी असताना फोन वाजला की मॅडमचाच असेल असं वाटायचं. एकदा मोबाईल कंपनीचं कोणीतरी बोलत होतं आणि मी फोनच खाली टाकला. रिव्हेट पक्के बसले होते का, हे मी मनात शंभरदा तपासलं. पत्ते बदलले म्हणजे चावी लागणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरीही वाटायचं, तो थोडं थोडं घासून बघेल. काजळी कशी धरतात तेही त्याने माझ्याकडेच बघितलं होतं.

त्याच्या पुढच्या बाजारी मॅडम आल्या. पिशवीतून तेच कुलूप काढून ठेवलं.

"बाई, चावी आत जातच नाई. का झालं पाहा. सकाळी मागच्या दारानं बाहेर येऊन कडी पुन्हा तोडावी लागली."

त्यांची चावी त्यांच्या हातात अख्खी होती. मी कुलूप उजेडात धरलं. भोकात आत काहीतरी पितळी चमकत होतं. करवतीच्या बारीक पात्याचे दोन तुकडे दोन बाजूंनी सरकवले आणि हळूहळू ओढलं. चावीचं तुटलेलं तोंड बाहेर आलं. ताजी तूट होती. कोणीतरी न फिरणारी चावी जोर लावून फिरवली होती.

मी ते तळहातावर घेतलं. खाचा बोटाने बघितल्या, मोजायची गरज नव्हती. दोन, पाच, तीन, तीन, सहा, एक. काम साफ होतं. कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मी एवढी मेहनत घेत नाही.

"हे कोनाची चावी हाये?" मॅडमनी विचारलं.

बाजारातला कुत्रा भाकरी ओढून नेतो तसा कोणीतरी तो तुकडा हातातून ओढून न्यावा असं वाटलं. हमीदाबी बांगड्या सोडून माझ्याकडे बघत होती.

"माही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. टपरीच्या आडून लिहून घेतलेले आकडे, कानस, मी शाळेत येऊन बोललेलं खोटं. मॅडमचं तोंड पांढरं पडत गेलं.

"रजनी सांगत होती मले," शेवटी त्या म्हणाल्या. "हप्ता झाला. म्हने, म्याडम, कोनी कुलूप फिरवते. दोनदा सांगतलं तिनं. मी म्हटलं, कुलूप त्या बाईनं आताच पक्कं करून देल्लं, तुले सपन पडलं. लहान पोरीयले भेव दाखवतेस म्हनून मी तिले सगळ्यायसमोर रागावली. तिथीच झोप म्हटलं." त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला. "तुमी त्या दिवशी सांगतलं असतं तं मी तिथी मानसं बसवले असते, बाई."

तो पहिल्यांदा आला तेव्हाच धरला गेला असता. किती वेळा आला, देव जाणे.

मॅडम आणि मी पोलिसात गेलो. साहेब हसले नाहीत. तुटकी चावी कागदात बांधून ठेवून घेतली, माझं म्हणणं लिहून घेतलं, हमीदाबीलाही बोलावलं. आम्ही दोघींनी त्याचा चेहरा जमेल तसा सांगितला. हसरं तोंड यापलीकडे मला फारसं सांगता आलं नाही. तो माणूस आजपर्यंत सापडलेला नाही. शाळेच्या जाळीला आता आतून पत्रा ठोकला आहे, नवं कुलूप आहे, चौकीदार आहे. माझ्या गिऱ्हाइकांतली निम्मी गेली. त्यांचं काही चुकलं नाही.

त्याच दिवशी पोलिसांकडून निघाल्यावर मी मॅडमबरोबर शाळेत गेले. मला रजनीला सांगायचं होतं. मॅडम म्हणाल्या, पोरीला कशाला घाबरवता. मी म्हटलं, ती आधीच घाबरली आहे.

ती ओट्यावर तांदळातले खडे वेचत होती. मी तिच्याजवळ बसले.

"तू खरं सांगत होतीस," मी म्हटलं. "कोनीतरी कुलूप फिरवत होता. तुले सपन नाई पडलं. आन् तो येईन हे मले आधीपासून मालूम होतं."

तिने हातातला खडा बाजूला टाकला. "पदर दातात धरून होत्या, तवापासून?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"भेव लागलं."

"त्याचं?"

"नाई. लोकं माह्याकडं येनार नाई, त्याचं."

तिने दुसरा खडा वेचला. रागावलेली दिसत नव्हती. "मले बी भेव लागलं होतं," ती म्हणाली. "पन मी सांगतलं."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

"आता तो येईन का?" रजनीने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं.

"मले नाई मालूम," मी म्हटलं.

ती उठून आत गेली, मी मागोमाग गेले. दाराजवळची आपली गादी तिने एका टोकाला धरली आणि आतल्या भिंतीकडे ओढायला लागली. गादी जड होती. मी दुसरं टोक उचललं.